पायबंद कापणारी सुरी

मी एक जुनी सुरी आहे. मित्रांनो, दचकू नका आणि मागेही सरकू नका. आपल्यामध्ये चांगली जाड काच आहे. काच नसती तरी भिण्याचे कारण नव्हते, कारण आजवर मी कुणाचे रक्त काढलेले नाही. एकदा आमच्या गावच्या बेइशेचा अंगठा जरासा कापला होता खरा, पण त्यात चूक अंगठ्याची होती.

माझ्या पेटीखाली एक पाटी आहे. 'सुरी. अदमासे लोकांची. उपयोग : दोरी कापणे.' एवढ्या आयुष्याचा इतका आटोपशीर वृत्तान्त मी दुसरा पाहिला नाही. तुम्ही तो वाचता, मान हलवता आणि शेजारच्या पेटीतल्या चष्म्याकडे वळता. परवा तुमच्यातलाच एक जण त्याला 'डोळ्यांच्या कुबड्या' म्हणाला. चष्मा अजून गप्प आहे. तो स्वभावाने हळवा आहे.

म्हणून म्हटले, आज तुमची रांग जरा थांबली आहे, तोवर पाटीवर न मावलेले सांगून टाकावे.

माझा जन्म नारिन नदीच्या काठी, कोक-झार गावात, तोकोय लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका मालमोटारीच्या स्प्रिंगचा पोलादी पाटा होते. खिंडीतून मेंढ्यांची ने-आण करता करता मोटार म्हातारी झाली आणि एका वळणावर कायमची बसली. तोकोयने तिचा पाटा खांद्यावर टाकून आणला, तापवला, घणाखाली घातला. काम रंगात आले असतानाच बायकोने त्याला चहाला हाक मारली. तोकोयने हाकेच्या दिशेला पाहिले आणि त्याच क्षणी घाव पडला. त्यामुळे माझे पाते जन्मापासून किंचित डावीकडे कललेले आहे.

बायको म्हणाली, "अहो, वाकडी झाली की!"

तोकोय म्हणाला, "असू दे. दोरी तरी कुठं सरळ असते?"

मग त्याने मला पाणी पाजले, जर्दाळूच्या लाकडाची मूठ बसवली आणि गावाच्या स्वाधीन केले. गावाची सुरी म्हणजे कुण्या एकाची नव्हे. मला एकच काम होते, पायबंद कापण्याचे.

पायबंद म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी सांगितले नसेल. आमच्याकडची समजूत अशी की पोर जन्माला येते तेच पायांत न दिसणारी दोरी घेऊन. म्हणून तर ते धडपडते, बसकण मारते, चार पावलांत तीनदा पडते. ते पावले टाकू लागले की त्याला पांढऱ्या नमद्यावर, म्हणजे लोकरीच्या जाड बैठकीवर, उभे करायचे. काळ्या आणि पांढऱ्या लोकरीची पीळ दिलेली दोरी दोन्ही घोट्यांना सैलसर बांधायची. मला त्याच्या पायांपुढे ठेवायचे. आणि लांबच्या पॉप्लरच्या झाडापासून सगळ्या गावाने त्या पोराकडे धावत सुटायचे. जो पहिला पोहोचेल त्याने मला उचलून दोरी कापायची. वाट मोकळी झाली. मग पोर चालते, पडते, आणि पडले की सगळे जण असे ओरडतात की जणू त्याने डोंगर ओलांडला.

यात दोन नियम होते. पहिला असा की घरच्यांनी धावायचे नाही. आपल्या पोराकडे कोण धावत नाही? परक्याने धावावे, यातच खरी मजा. दुसरा नियम नव्हे, अनुभव होता. ज्याच्या हाताने पायबंद कापला जाई, त्याची चाल त्या पोरात उतरे.

मित्रांनो, तुम्हाला काय सांगू! मी नमद्यावर पडलेली असे, आणि माणसे दिसण्याआधी ती मला जमिनीतून ऐकू येत. आधी बारीक थरथर, मग धपधप, मग धूळ, शिव्या, हसणे, कुणाचे तरी निसटलेले पायताण. माझ्याशेजारचे ते चिमुकले पाय जागच्या जागी नाचू लागत. अख्खे गाव आपल्या दिशेने येते आहे, हे त्या पोराला कळत असे. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसे, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. बहुधा त्याची पेटी अजून केलेली नसावी.

त्या काळी सगळ्यांत वेगाने धावे ती काल्बुबू. कोपरे बाहेर काढून, कुणी कोंबडी हुसकायला निघावे तशी. तिने इतके पायबंद कापले की पुढे अर्धे गाव कोपरे बाहेर काढून चालू लागले. तिची शेजारीण शारकान दर वेळी दुसरी येई आणि दर वेळी म्हणे, "मला ढकललं." तिला कुणी ढकलले हे मात्र ती कधी सांगत नसे.

काल्बुबूचे लग्न झाले, मूल झाले, पाय जड झाले. तेव्हा गावाने मला सांभाळायला तिच्याकडे दिले. त्या काळी तिने मला कधी दुसऱ्या कामाला लावले नाही. एकदा बेइशेने माझ्याने खरबूज चिरले. हा बेइशे तरुणपणी घोड्यावरून पडून एका पायाने अधू झाला होता आणि तेव्हापासून त्याला सगळे माफ होते. पण काल्बुबूने त्याच्याशी एक हिवाळाभर बोलणे टाकले. खरबूज मात्र तिने खाल्ले होते.

मग नेमके आले.

म्हणजे, मित्रांनो, तुम्हीच. सरकारी कागदावर तुमची नावे आणि आमची नावे लांबलचक आहेत, पण ती सरकारलाही आठवत नाहीत. आईच्या पोटात जाण्याआधीच ज्याचे डोळे, दात, गुडघे आणि स्वभाव ठरवून घेतलेला असतो, तो नेमका. जे काय होईल ते होईल म्हणून जो जन्माला येतो, तो अदमासे. नेमक्यांना पडसे होत नाही, म्हणून त्यांच्याकडे कुणी कढत रस्सा घेऊन जात नाही. ते ठरल्या वेळी पोहोचतात, म्हणून त्यांची कुणी वाट पाहत नाही. यात त्यांचा काही दोष नाही.

त्यांच्यासाठी टेकडीवर वरचे शहर वसले. अदमाश्यांनी तिथे जाऊ नये असा कायदा कधीच नव्हता. कायदा असता तर तो मोडता आला असता. तिथल्या पायऱ्या तेवढ्या नेमक्यांच्या गुडघ्यांना मोजून बांधलेल्या होत्या.

काल्बुबूचा मुलगा तालाय आणि त्याची बायको या दोघांनी मूल ठरवून घेतले, आणि मुलीचे पालक म्हणून त्यांना वर राहायला घर मिळाले. मुलीचे नाव आयपेरी. ती पोटात होती तेव्हापासूनच काल्बुबूने तिच्यासाठी दोरी वळायला घेतली. काळ्या मेंढीची लोकर, पांढऱ्या मेंढीची लोकर. आपल्या नातीची दोरी म्हणून पीळ इतका घट्ट दिला की शारकान कुंपणावरून म्हणाली, "अगं, पोरीचे पाय बांधायचेत की घोडी बांधायचीय?"

"तुला काय कळतंय? तू आजवर एक तरी दोरी कापलीस का?"

"मला ढकलत होते!"

आयपेरी वर्षाची व्हायला आली तेव्हा काल्बुबूने मला आणि दोरीला रुमालात गुंडाळले, बरोबर कणकेचे बोरसोक तळून घेतले, आणि त्या पायऱ्या चढू लागली. शेवटच्या काही पायऱ्या ती हातांनी चढली. लाज वाटू नये म्हणून मधूनमधून काहीतरी सांडल्याचे नाटक करीत होती.

दार तालायने उघडले.

"अपा! अगं, कळवायचं तरी." आमच्याकडे आई काय, आजी काय, दोघीही अपाच.

"पायबंद कापायचाय पोरीचा. खाली घेऊन चल तिला. गाव पॉप्लरपाशी उभं आहे."

तालायने मागे पाहिले, मग पायांकडे पाहिले. "अपा, ती चालायला लागली गं. ठरल्या दिवशी लागली. एकदासुद्धा पडली नाही."

"मग?"

"मग पाय कशाला बांधायचे? तिच्या पायांत काही नाहीच. डॉक्टरांनी आधीच काढलेलं असतं."

"दोरी डॉक्टर काढतो?"

"अपा, इथं तसं करत नाहीत. लोक बघतील."

"बघू देत की. बघायलाच तर बोलवतात लोकांना."

रुमालाच्या फटीतून मला आतली खोली दिसत होती. गुळगुळीत पांढरी फरशी, आणि तिच्यावरून एक चिमुरडी चालत होती. न डगमगता, न हात पसरता, टाचेपासून अंगठ्यापर्यंत बिनचूक. तिच्याकडे कुणी धावत येत नव्हते. गरजच नव्हती. ती दाराच्या दिशेने येत होती आणि तिची नजर काल्बुबूच्या हातातून लोंबणाऱ्या दोरीच्या टोकावर होती.

"येतो मी खाली एकदा," असे म्हणून तालायने बोरसोक घेतले आणि दार लावले.

तो एकदा आला, दोनदा आला. मग त्या पायऱ्यांनी त्याचे गुडघे खाल्ले. खाली उतरला तर वर चढता येईना, म्हणून तो वरच राहिला.

त्या दिवशी काल्बुबू पॉप्लरपाशी परत आली. लोक अजून उभे होते. ती म्हणाली, "पोरीला सर्दी झालीय." नेमक्यांना सर्दी होत नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी बेइशे म्हणाला, "होते कधीकधी."

पुढचे दिवस मी भराभर सांगते. ज्यांना जमले ते वर गेले. ज्यांना जमले नाही त्यांची मुले शहरोशहरी गेली. गावात पोर जन्माला येईनासे झाले. मी आणि दोरी एका पत्र्याच्या डब्यात पडून राहिलो. दोरी कधी बोलली नाही. जिचा जन्मच कापले जाण्यासाठी आहे, तिने काय बोलायचे? पण डब्यात हात लागला की मला तिचा पीळ जाणवे. तो सैल झाला नव्हता. सणासुदीला काल्बुबू डबा उघडी, दोरीवरून बोट फिरवी आणि झाकण लावी. एकदा मी तिला पुटपुटताना ऐकले, "तिची वाट कुणी मोकळी केली नाही. एवढं एक राहिलं."

मग एका हिवाळ्यात घरातली दुसरी सुरी मोडली, आणि तिने मला कांदे चिरायला काढले.

मी रडले नाही. ती रडली. कांद्यामुळे, असे ती म्हणाली.

एकदा पायरी उतरले की तळ लांब नसतो. मी पोत्यांची तोंडे उसवली, डब्यांची झाकणे उचकटली, बुटांचा चिखल खरवडला. शेवटी जेवणाच्या मेजाचा एक पाय डगमगत होता, त्याच्याखाली मला सारले. माझ्यामुळे मेज डगमगायचे थांबले, ही त्या काळातली माझी एकमेव कीर्ती. धार गेली. मुठीला चीर पडली. मला मात्र एकच आस लागून राहिली होती. मेजाखाली पडल्या पडल्या मी जमिनीला कान लावून असे. वाटे, आता थरथर येईल. आता धपधप येईल. यायची ती मेंढी.

आणि एका दुपारी पावले आली. सारख्या अंतराची, सारख्या वजनाची. अशी पावले कोक-झारमध्ये कुणाचीच नव्हती.

दारात एक उंच तरुणी उभी होती. "काल्बुबूबाई आपणच का? मी संग्रहालयातून आले आहे."

काल्बुबू कणीक मळत होती. तिने मान वर केली आणि कणकेतले हात कणकेतच राहिले. "तू आयपेरी."

"हो. आपण कसं ओळखलंत?"

"वरून माझ्या दारात दुसरं कोण येणार? आणि आपण-आपण काय लावलंयस? इथं मी आणि मेंढी दोघीच राहतो. मेंढीलाही कुणी आपण म्हणत नाही."

आयपेरी हसली नाही. विनोद कळायला नेमक्यांना वेळ लागत नाही, पण तो आपल्यासाठी होता हे कळायला लागतो. ती सरळ कामाचे बोलली. वरच्या शहरात अदमाश्यांच्या वस्तूंचे दालन उघडायचे होते. पायबंद कापायची सुरी कोक-झारला उरली आहे असे तिने ऐकले होते. ती देता येईल का?

"तुझा बाप कसा आहे?"

"गुडघे दुखतात. खिडकीत बसतो. खिडकीतून हे गाव दिसतं."

काल्बुबूने हातांची कणीक पुसली. मग ती मेजाशी आली, वाकवेना म्हणून बसली, आणि मला ओढून बाहेर काढले. मेज एका बाजूला कलले, त्यावरचा चहा सांडला.

"ही ती. ने. पण पायबंदाची सुरी काम केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. आधी एक पायबंद कापायचा, मग ने. माझा शब्द आहे."

"पण गावात लहान मूल नाही असं मी..."

"तू आहेस की."

आयपेरीने आपल्या पायांकडे पाहिले. मग म्हणाली, "मला चालता येतं."

"ते दिसतंय गं. फार छान येतं."

एवढ्यात कुंपणावर शारकानचे डोके उगवले. ती तिथे केव्हापासून होती, हे विचारण्यात अर्थ नव्हता. "काल्बुबू, डोकं फिरलं का तुझं? एवढ्या मोठ्या बाईचा पायबंद? हिचा पाय तुझ्या कमरेला लागतो!"

"दोरी पुरेल."

"आणि धावणार कोण?"

"तू. नेहमी दुसरी येतेस ना? आज मी नाही मधे. घरच्यांना धावता येत नाही."

शारकानचे डोके एकदम खाली गेले. थोड्याच वेळात ती गल्लीतून ओरडत जाताना ऐकू आली, "उठा रे! पायताणं शोधा! काल्बुबूच्या नातीचा पायबंद आहे!"

आयपेरी म्हणाली, "वस्तूचा वापर प्रत्यक्ष पाहिलेला बरा." पण ती डब्यातल्या दोरीकडे पाहत होती, आणि मला ती नजर ओळखीची वाटली.

नमदा अंथरला. मी पुन्हा माझ्या जागी आले, कितीतरी हिवाळ्यांनी. माझ्यापुढे ते दोन मोठे, बिनचूक पाय. काल्बुबूने घोट्यांना दोरी बांधली आणि ती धावणाऱ्यांच्या मागे पॉप्लरपाशी चहाची किटली धरून उभी राहिली. तिची जागा आता तिथेच होती. धावणारे म्हणजे गावात उरलेले सगळे म्हातारे. बेइशेला अधू पायासाठी निम्म्या वाटेवर उभे केले होते. त्यावरूनही थोडे भांडण झाले.

मग कुणीतरी हाळी दिली आणि मला ती थरथर ऐकू आली. मित्रांनो, ती धपधप नव्हती. ते घसटणे होते, खोकणे होते, काठ्यांचे टकटक होते. पण ती आमच्याकडे येत होती. माझ्याशेजारचे बिनचूक पाय हळूच जागच्या जागी हलले.

बेइशे सर्वांत पुढे होता. शारकान त्याला गाठत होती, एक पायताण हातात. माझ्यापासून चार हातांवर ते आले, आणि शारकान अचानक थांबली.

"थांबा! अरे, थांबा! कापणाऱ्याची चाल उतरते ना?"

सगळे थांबले. सगळ्यांनी बेइशेच्या पायाकडे पाहिले. बेइशेनेही पाहिले.

"खरंच की," तो म्हणाला. "माझी चाल हिच्यात उतरली तर ही त्या पायऱ्या कशी चढायची? नाही बाबा. शारकान, तू काप."

"मी? माझे गुडघे ऐकलेस का कधी? उठताना वाजतात तर कुत्रं भुंकतं. एवढी कोरीव पोरगी, तिला माझे गुडघे देऊ? पाप लागेल."

"मग त्याला सांग."

"त्याची कंबर बघ आधी!"

असे ते सगळे एकमेकांकडे तोंडे करून, एकमेकांना मान देत, तिथे उभे राहिले. इतका थोर मनाचा गोंधळ मी दुसरा पाहिला नाही. आयुष्यभर पहिले येण्यासाठी ज्यांनी एकमेकांना ढकलले, ते आता एकमेकांना पुढे जा म्हणून विनवत होते. आणि मुलगी नमद्यावर तशीच बांधलेली.

"काही अडचण आहे का?" आयपेरीने विचारले.

"नाही नाही, तुम्ही उभ्या राहा," बेइशे मागे न पाहता म्हणाला. "ठरलं की सांगतो."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिचा आवाज आला, नेमक्यांचा नव्हे असा. "या ना. कुणीतरी या ना."

भांडणात ते कुणाला ऐकू गेले नाही. तेव्हा ती स्वतःच निघाली. बांधल्या पायांनी तिने एक उडी मारली, दुसरी मारली, माझ्या पलीकडे गेली, आणि तिसऱ्या उडीला तोंडघशी पडली.

नदीचा तेवढा आवाज येत राहिला. नेमका माणूस पडलेला त्यांच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. तिने स्वतःही पाहिला नव्हता. तिने धुळीने भरलेले तोंड वर केले.

"हे काय झालं?"

"पडलात," बेइशे म्हणाला. या विषयात तो जाणकार होता. "पहिल्यांदा जरा अवघड जातं."

आणि मग त्या गर्दीतून, कोपरे बाहेर काढून, कुणी कोंबडी हुसकायला निघावे तशी काल्बुबू आली. हातात अजून किटली. ती मघाशीच निघाली होती, फक्त वाटेत कुठे थांबली नव्हती.

"काल्बुबू!" शारकान ओरडली. "घरच्यांनी धावायचं नसतं!"

"मी धावतेय कुठं? चालतेय. डोळे गेले का तुझे?"

अशा रीतीने शारकान पुढे असूनही पुन्हा दुसरी आली.

काल्बुबूने मला उचलले, नातीच्या पायांशी जमिनीवर बसकण मारली आणि दोरीला माझी धार लावली. आणि मित्रांनो, धार नव्हती. कांदे, पोती, चिखल आणि मेजाचा पाय यांनी ती केव्हाच नेली होती. आणि दोरी! घोडी बांधावी असा तिचा पीळ. मी घासले, दोरी हसली. माझ्या जन्मात मला अशी लाज वाटली नव्हती. जे एका झटक्यात व्हायचे, त्याला चहा निवेल इतका वेळ लागत होता.

पण तेवढा सगळा वेळ काल्बुबूचा डावा हात नातीच्या घोट्यावर होता.

"दुखतंय का गं?"

"नाही." मग जरा थांबून ती म्हणाली, "ही दोरी मी पाहिली आहे."

"कशी पाहशील? तू एवढीशी होतीस."

"आम्ही विसरत नाही. आम्हाला तसं केलेलं नाही. दारात कुणीतरी उभं होतं. हातात ही दोरी होती, आणि कसला तरी तळणीचा वास होता. मी तिकडेच चालत येत होते. मला वाटलं, ती आत येईल. मग दार लागलं."

काल्बुबूचा हात थांबला.

"मी खूप वेळ दाराशी उभी होते, अपा," आयपेरी म्हणाली. "बाबांना वाटलं, मी उभं राहायचा सराव करतेय."

काल्बुबूने मला दोन्ही हातांत धरले आणि सगळे वजन टाकले. एकेक धागा तुटत गेला, काळा, पांढरा, काळा. शेवटचा तुटला तेव्हा सगळे म्हातारे असे ओरडले की जणू कुणी डोंगर ओलांडला.

आयपेरी उठली. काल्बुबूला उठवेना, म्हणून आयपेरीने तिला उठवले आणि हात सोडला नाही. पॉप्लरपर्यंत दोघी चालत गेल्या. काल्बुबूच्या पावलाएवढेच पाऊल टाकायचे म्हणून आयपेरीही डुलत, थांबत, कोपर बाहेर काढून चालत होती.

"उतरली बघ चाल," बेइशे म्हणाला.

जाताना ती मला न्यायला तयार नव्हती. काल्बुबूनेच मला तिच्या हातात ठेवले. "शब्द दिलाय. आणि तालायला सांग, खिडकीत बसतोस ते ठीक, पण दिवा लाव. इथून दिसतो." कापलेल्या दोरीचा एक तुकडा तिने स्वतःच्या उशीखाली ठेवला. दुसरा कुठे आहे ते मला ठाऊक आहे. पण जिच्या घोट्याला तो आहे, तिच्या मोज्याबद्दल चारचौघांत बोलणे बरे नव्हे.

तेव्हापासून मी इथे आहे. ऊब आहे, उजेड आहे, कांदे नाहीत. माझी कुणी हेळसांड करीत नाही. तरीही जमिनीला कान लावायची सवय सुटत नाही. पण इथे पेटीखाली मखमल आहे, आणि तुम्ही सगळे इतके अलगद चालता की मला काही ऐकू येत नाही.

एक गोष्ट मात्र सांगते, ती तुमच्या बाईंना सांगू नका. हे दालन बंद व्हायच्या वेळी आयपेरी येते. ती पेटी उघडते आणि खिशातून धार लावायचा दगड काढते. संग्रहालयातल्या सुरीला धार कशाला, असे एका पहारेकऱ्याने तिला विचारले होते. "जपणूक," ती म्हणाली. हल्ली ती बेताने चालते, पायऱ्या उतरताना कठड्याला धरते आणि मध्येच थांबून पोटावर हात ठेवते. डॉक्टरांकडे जाऊन काही ठरवून आली नाही, असे चष्म्याने ऐकले आहे. जे काय होईल ते होईल, असे ती म्हणाली म्हणे. आणि खाली कोक-झारमध्ये काळ्या मेंढीची लोकर कातरली गेली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुठेतरी मेजाच्या पायाखाली, डब्याच्या तळाशी माझ्यासारखे कुणीतरी पडलेले असेल. त्याला बाहेर काढा. पुसा. त्याचे काम काय होते ते एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. धार गेली तर परत लावता येते, पण दगड धरणारा हात लागतो. तुमच्या पायांत कुणी दोरी बांधली नाही, म्हणून तुमच्याकडे कुणी धावत आले नाही. त्याला आता इलाज नाही. पण तुम्हाला धावता येते. फार छान येते, मी ऐकले आहे.

तेव्हा एवढेच करा. एखाद्या दिवशी तुम्ही याल आणि ही पेटी रिकामी दिसेल. चोरी झाली म्हणून ओरडू नका. पहारेकऱ्याला बोलावू नका. सरळ पायऱ्या उतरा, नदीच्या बाजूला वळा, आणि पॉप्लरचे झाड दिसले की तिथून धावत सुटा. वाटेत म्हातारी माणसे एकमेकांना मान देत उभी असतील. त्यांच्यापाशी थांबू नका.

मी नमद्यावर असेन. मला तुम्ही दिसण्याआधी ऐकू याल.